काकूंचं खताचं माप

नर्सरीत सगळेच त्यांना काकू म्हणायचे. खऱ्या काकू त्या फक्त मालकाच्या मुलाच्या. नवरा गेला तेव्हा धाकट्या दिरांनी चार माणसांसमोर सांगून टाकलं, "वहिनी आमच्याकडेच राहतील." राहायला मिळाली शेडमागची खोली आणि सांभाळायला मिळाली स्पायडर प्लांटची शेड.

अकरा वर्षं त्या शेडमधल्या झाडांना जेवढी पिल्लं लागली तेवढी आसपास कुणाकडे लागत नव्हती. कुंडीबाहेर लांब दांडे लोंबायचे आणि टोकाटोकाला इवल्या रोपांचे झुबके. कसं जमवता म्हणून विचारलं की काकू नुसत्या हसायच्या. आपली खोली आपल्या हातातल्या कसबावर उभी आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मग पुतण्या कसलासा कोर्स करून आला. त्याने काकूंना पाणी मारायला लावलं आणि स्वतः दर आठवड्याला भरपूर खत सुरू केलं. पानं तरारली, गच्च हिरवी झाली. पण दांडा एकालाही फुटेना, आणि पुढे पानांची टोकं करपायला लागली. त्यात एका हॉटेलची मागणी आली: सहा महिन्यांत दोनशे छोटी रोपं.

संध्याकाळी पुतण्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसला. "काकू, माझं चुकलं. आता तुम्हीच सांगा."

अकरा वर्षांत त्या उंबऱ्यावर काही विचारायला कोणी बसलं नव्हतं. काकू विरघळल्या.

"अरे, आयतं मिळालं की झाड पानांतच लोळतं. पिल्लांचं कशाला बघेल? पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्मं खत घे, तेही महिन्यातून एकदाच, आणि माती ओली असताना. कुंडी बदलायची घाई करू नकोस, मुळांना जरा दाटी होऊ दे. उजेड भरपूर हवा, पण कडक ऊन नको."

"थांबा, लिहून घेतो."

"तुझं अक्षर तुला तरी लागतं का? आण इकडे."

त्यांनी स्वतःच लिहून दिलं. आधी साध्या पाण्याने माती दोन-तीनदा धुऊन काढ, साठलेलं खत निघून जाऊ दे, हेही वर लिहिलं.

चौथ्या महिन्यात दांडे लोंबायला लागले. हॉटेलची रोपं वेळेवर गेली. दिरांनी तो कागद प्लास्टिकमध्ये घालून शेडच्या दारावर लावला आणि त्याच आठवड्यात म्हणाले, "वहिनी, किती दिवस राबणार तुम्ही? घरातच या आता. ती खोली पोती ठेवायला लागणार आहे."

"आणि झाडं, भाऊजी?"

"लिहिलंय की तुम्ही सगळं."

जाऊबाईंनी स्वयंपाकघरात स्टूल दिलं, पुढ्यात मटारच्या शेंगांची टोपली सरकवली. "बरं झालं आलात. मला एकटीला होत नव्हतं. तुमची गादी हॉलमध्ये घालू. सकाळी लवकर उचलली म्हणजे झालं."

थंडी पडली तेव्हा पुतण्या खिडकीशी आला. "काकू, थंडीतही तेवढंच खत ना? कागदावर काही दिसत नाही."

थंडीत या झाडाची वाढ थांबते. तेव्हा घातलेलं खत मातीत साठतं आणि मुळं भाजून काढतं. हे लिहायचं खरंच राहून गेलं होतं.

काकूंनी हातातली शेंग सोलली, दाणे भांड्यात टाकले.

"तेवढंच," त्या म्हणाल्या. "वाटलं तर थोडं जास्त घाल."