फरिश्ते, चपला आणि आमचं मकतब

माझ्या नवऱ्याचं म्हणणं असं, की मी मकतबातून घरी आले की आधी पाणी मागते आणि पाणी पिता पिता हसते. मग ठसका लागतो. मग तो पाठ थोपटत विचारतो, "आज कोण?"

तर असं आहे. हे किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. पोरांना शिकवणाऱ्या माणसाकडं ते आपोआप साठतात, आणि कुणी ऐकणारं भेटलं की सांडतात. आज तुम्ही भेटलात.

पडेगावात आमच्या मशिदीला लागून एक पत्र्याची खोली आहे. दुपारची शाळा सुटून पोरं घरी आली, चहा-बिस्कीट झालं, की तिथं आमचं मकतब भरतं. मकतब म्हणजे दीनची, धर्माची प्राथमिक शाळा म्हणा ना. कुरआन वाचायला हाफिजसाहेब शिकवतात. वय सत्तरीच्या पुढं, आवाज पंचविशीतला. माझ्याकडं बारकी मंडळी. अल्लाह, त्याचे फरिश्ते, त्यानं पाठवलेल्या किताबा, पैगंबर, कयामतचा दिवस आणि तकदीर, या सहा गोष्टींवर ईमान, म्हणजे पक्का विश्वास, ठेवायचा म्हणजे काय, ते मी शिकवते. पोरं मला आपा म्हणतात.

सकाळी मी एका मराठी शाळेत भूगोल शिकवते. खरं सांगू? भूगोल लई सोपा. गोदावरी कुठून निघते ते सांगितलं की वर्ग गप्प बसतो. इथं कुणी गप्प बसत नाही!

*

फरिश्त्यांचा धडा चालू होता. मी सांगितलं, "तुमच्या दोन्ही खांद्यांवर एकेक फरिश्ता असतो. उजवीकडचा चांगली कामं लिहितो, डावीकडचा वाईट."

सगळे आपापले खांदे बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी रेहाननं अदनानच्या पाठीत पट्टी मारली. हा रेहान आठ वर्षांचा, पंक्चरवाल्याचा मुलगा, हवा कायम फुल्ल भरलेली! मी डोळे वटारले. तर हा मान डावीकडं वळवून काहीतरी पुटपुटतोय.

"काय चाललंय रे?"

"कुछ नै आपा."

पाठ चोळत अदनान ओरडला, "आपा, ये फरिश्ते को बोल रा, पेन्सिल से लिखो बोलके!"

हसू दाबून मी तौबा समजावून सांगितली. मनापासून माफी मागितली, परत करायचं नाही असं ठरवलं, की अल्लाह पुसून टाकतो. पण ज्याला मारलं त्याची माफी आधी मागायची.

रेहाननं विचार केला. अदनानला मिठी मारली. "सॉरी यार. माफ कर दे." अदनाननं केलं माफ.

लगेच रेहानची मान पुन्हा डावीकडं. "ये आपका नै," तो खांद्याला म्हणाला. मग बोट उजव्या खांद्याकडं. "उनकु बोलो लिखने!"

*

हा छोटासाच आहे, पण सांगते.

अल्लाह सगळीकडं बघतो, हे नुसतं पाठ करून घेण्यात अर्थ नाही, म्हणून मी प्रत्येकाच्या हातात एकेक चॉकलेट ठेवलं. म्हटलं, "जिथं कुणीच बघत नाही अशा जागी जाऊन खाऊन या."

पोरं पांगली. कुणी हातपाय धुवायच्या वजूखान्यात, कुणी जिन्याखाली, एक जण तर पाण्याच्या टाकीमागं. थोड्या वेळानं सगळे तोंड पुसत परत आले. फक्त छोट्या मारियाच्या मुठीत चॉकलेट तसंच.

माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं शिकवल्याचं चीज झालं! मी तिला पुढं बोलावलं, सगळ्यांना गप्प केलं. म्हटलं, "मारिया, सांग बेटा सबको. तू का नाही खाल्लंस?"

मारिया म्हणाली, "आपा, ये कॉफीवाली है. मेरेकु कॉफीवाली नक्को."

*

हाफिजसाहेबांच्या चपलांचा किस्सा पडेगावात सगळ्यांना माहीत आहे. पण सुरुवात माझ्या धड्यापासून झाली, हे फार जणांना माहीत नाही. आणि मीही ते फार मोठ्यानं सांगत नाही.

धडा तकदीर आणि भरवशाचा. मी म्हटलं, अल्लाहवर भरवसा ठेवायचा म्हणजे हात बांधून बसायचं नाही. आपल्याला शिकवलंय, की आधी उंट बांध, मग अल्लाहवर भरवसा ठेव.

"आपा, अपने पास उंट नै है," अदनान.

"म्हणजे आपली वस्तू आपण सांभाळायची. सायकलला कुलूप लावायचं. मग दुआ करायची."

पटलं म्हणाले. मला बरं वाटलं.

आता, आमच्या मशिदीच्या पायरीवरून मधूनमधून चपला गायब होतात. आदल्याच जुम्म्याला, शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी, हाफिजसाहेबांच्या कोऱ्या चपला गेल्या होत्या. बिचाऱ्यांनी नव्या घेतल्या. आणि त्या दिवशी त्यांना गंगापूरला पुतणीचा निकाह लावायला जायचं होतं. जीप चौकात हॉर्न देत उभी. हाफिजसाहेब शेरवानीची बटणं लावत बाहेर आले, पाय चपलेत घातला आणि तिथंच अडखळले.

चपला पायरीजवळच्या लोखंडी जाळीला बांधलेल्या! नायलॉनच्या दोरीनं. आणि गाठ एका पोराची नाही, सगळ्या वर्गाची. प्रत्येकानं आपला हात लावलेला.

"ये किसने किया?"

पोरं छाती काढून उभी. "हमने, हाफिजसाब! आपके उंट बांधे!"

हाफिजसाहेबांनी एकदा पोरांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मी दुसरीकडं. गाठ नखानं सुटेना, दातानं सुटेना, कात्री कुणाकडं नाही. जीपवाला खाली उतरून म्हणतो, "बाबा, नवरदेवाचा चौथ्यांदा फोन आलाय!" शेवटी हाफिजसाहेब वजूखान्यातल्या रबरी चपला घालून निघाले. एक निळी, एक हिरवी.

पुढचं मला त्यांच्या पुतण्यानं सांगितलं. अंगावर शेरवानी, डोक्यावर पांढरा साफा, पायात हे असलं! गंगापूरच्या मंडपात एका पाहुण्यानं धीर करून विचारलंच, "हाफिजसाहब, ये चप्पल?"

हाफिजसाहेब शांतपणे म्हणाले, "मेरे ऊंट पडेगाव में बंधे हुए हैं."

*

सानिया आणि प्राची या दोघी शेजारणी. भिंतीला भिंत लागून घर, शाळेत एकाच बाकावर. सानिया मकतबात यायची तेव्हा प्राची दाराबाहेर पायरीवर बसून चित्रं काढायची, कारण मकतब सुटल्यावर दोघींना लंगडी खेळायची असायची. मी म्हणायचे, "आत येऊन बस गं." ती म्हणायची, "नको आपा, इथं वारा येतो."

वर्षाच्या शेवटी आमचा जलसा असतो. आई-बाप समोर, पोरं माईकवर. सानियाला सहा गोष्टी सांगायच्या होत्या. तिची आई सकाळपासून पाहुण्यांना फोन करत होती, प्राचीचे आई-वडीलही खास बोलावलेले. सानिया उभी राहिली. अल्लाह झालं, फरिश्ते झाले, किताबा, पैगंबर, कयामत झालं. आणि अडकली.

माईकमध्ये नुसता श्वास. सानियाच्या आईचा चेहरा उतरला. सानियाच्या डोळ्यांत पाणी भरायला लागलं.

तेवढ्यात बायकांच्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "तकदीर! अगं तकदीर म्हण ना!"

सगळ्यांनी मागं वळून बघितलं. प्राची खुर्चीवर उभी!

मांडव हसून हसून लोळला. सानियानंही हसत हसत सहावं सांगून टाकलं. मला जरा धाकधूक होती, की प्राचीचे वडील काय म्हणतील. जलसा संपल्यावर ते माझ्याकडंच आले. बँकेत आहेत, फार कमी बोलतात.

"आपा, एक कोडं सुटलं बघा आज," ते म्हणाले.

"कोणतं?"

"दर रविवारी आम्ही विहारात जातो. सानिया पायरीवर खेळत बसते. आमच्या पोरी पंचशील म्हणता म्हणता अडकल्या, की बाहेरून कुणीतरी पुढचं सांगतं. मी किती महिने शोधत होतो, कोण सांगतं!"

*

एकदा एक दाढीवाला विद्यार्थी आला. वसीम, वाळूजला कंपनीत इंजिनिअर, सव्वीसचा घोडा. दारात उभा राहून घाम पुसत होता.

"आपा, मेरा रिश्ता आया है. लासूर स्टेशनचे लोक आहेत. मुलीचे वडील लई कडक. म्हणाले, पगार नंतर विचारतो, आधी ईमानच्या बुनियादी गोष्टी विचारतो."

"मग येत नाहीत?"

"लहानपणी येत होत्या."

जागा नव्हती, म्हणून बसला बारक्यांमध्ये, गुडघे कानाला लावून. आमच्या वर्गाची एक रीत आहे. ज्याचं म्हणून झालं, त्यानं दुसऱ्याकडं बोट करायचं आणि म्हणायचं, "अब तुम्हारी बारी!" पोरांनी त्या बिचाऱ्याला सोडलं नाही. दर दोन मिनिटांनी वसीमभाईची बारी! चुकला की मारिया कपाळावर हात मारायची. पण पंधरवड्यात गडी तयार झाला.

मुलगी बघायचा दिवस आला. लासूर स्टेशनला धान्याच्या दुकानामागं त्यांचं घर. बैठकीत दोन्हीकडचे मोठे लोक, चुलते, मामा. सासरे होणारे गृहस्थ लोडाला टेकून म्हणाले, "हां बेटा, सुनाओ."

वसीमनं डोळे मिटले आणि सगळं एका दमात सुनावलं. एक अक्षर चुकलं नाही. त्याच्या वडिलांनी मान डोलावली, मामांनी माशाल्लाह म्हटलं. आणि सवयीनं, निव्वळ सवयीनं, वसीमचा हात वर गेला. बोट थेट सासऱ्यांवर.

"अब तुम्हारी बारी!"

वसीमच्या वडिलांनी कपाळाला हात लावला. संपला रिश्ता!

सासरे सावरून बसले. इतक्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? खाकरले. "अल्लाह पर," ते म्हणाले. "उसके फरिश्तों पर. और उसकी... उसकी..."

सगळे छताकडं बघायला लागले.

आणि आतल्या खोलीच्या पडद्यामागून दबका आवाज आला, "किताबें, अब्बा! किताबें!"

वसीम मला नंतर म्हणाला, "आपा, मी अजून चेहरा बघितला नव्हता. पण तिथंच ठरवलं. हीच!"

लग्न झालं, छान चाललंय. लग्नानंतर महिन्याभरानं मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. जड, कडक आवाज. "आपा, बडों को भी पढाते क्या? फोन पर?" मी हो म्हटलं. मग आवाज बारीक करून, "दामाद को मत बताना."

*

आणि आता आयशाच्या दादीचा.

आयशा नऊ वर्षांची. तिची दादी गंगापूर तालुक्यातल्या खेड्यातली. सगळा जन्म कापसाच्या शेतात गेला. घरात बोलणं मराठी, शेजार मराठी, शेळ्यांना हाका मराठीत. उर्दूचा गंध नाही. म्हातारपणी मुलाकडं पडेगावला आली आणि आयशाला जन्माची मैत्रीण मिळाली.

एक दिवस मी शिकवलं, की माणूस गेल्यावर कबरीत दोन फरिश्ते येतात आणि विचारतात. तुझा रब कोण? तुझा दीन कोणता? तुझे नबी, म्हणजे पैगंबर, कोण?

वर्ग सुटला तरी आयशा जागची हलेना.

"आपा, ते कोणत्या भाषेत विचारतात?"

"का गं?"

"दादीला मराठीच येतंय."

"अल्लाहला सगळ्या भाषा येतात, बाळ."

"अल्लाहला येतात ओ. पण फरिश्त्यांना?"

"त्यांनाही येत असतील."

"असतील म्हंजे? पक्कं सांगा ना!"

मी तिला हाफिजसाहेबांकडं पाठवलं. ते दाढीवरून हात फिरवत म्हणाले, "बेटा, वहां जबान नहीं, ईमान बोलता है." आयशा परत आली आणि मला म्हणाली, "त्यांनाबी माहीत नाय."

मग तिनं स्वतःच मनावर घेतलं. दादी लसूण सोलायला बसली की हिची शिकवणी सुरू. दादी कुरकुरायची, "अगं माय, मला जेवले का नाय ते ध्यानात राहत नाय, अन् तू काय पाठ करून घेतीस!" पण आयशा सोडायची नाही. तिन्ही प्रश्नांची उत्तरं मराठीत, पक्की.

त्या हिवाळ्यात दादी न्हाणीत घसरली. खुबा मोडला. या वयात ऑपरेशन म्हणजे डॉक्टरांनीही आधीच सांगून ठेवलं, काही होऊ शकतं. आयशाच्या अब्बांनी कागदावर सही केली. आयशाच्या अम्मीसोबत मी दवाखान्यात गेले. लहान पोरांना वर सोडत नाहीत, म्हणून आयशा खाली गेटजवळ अब्बांचा हात धरून उभी. रडत नव्हती. ओठ हलत होते फक्त.

ऑपरेशन झालं. दादीला बाहेर आणलं. किती तरी वेळ शुद्ध येईना. अम्मी दुपट्ट्याचा बोळा तोंडात धरून उभी. शेवटी दोन तरुण डॉक्टर आले, पांढरे कोट घातलेले. एक खाटेच्या उजवीकडं उभा राहिला, एक डावीकडं.

उजवीकडचा वाकून म्हणाला, "आजी? ओ आजी! ऐकू येतंय का? सांगा बरं, नाव काय तुमचं?"

दादीचे डोळे मिटलेले. पण कपाळावर आठी पडली. आणि मग स्वच्छ, मोठ्या आवाजात, अख्ख्या वॉर्डला ऐकू जाईल असं ती म्हणाली,

"माझा रब अल्लाह. माझा दीन इस्लाम. माझे नबी हजरत मुहम्मद, त्यांच्यावर सलाम."

दोघं डॉक्टर एकमेकांकडं बघायला लागले. आसपासच्या खाटांवरचे पेशंट उठून बसले. अम्मीला हसावं का रडावं कळेना.

डावीकडचा डॉक्टर हळूच म्हणाला, "बरोबर आहे, आजी. आता डोळे उघडा बघू."

"उघडते. आधी सांगा, पास का?"

डॉक्टरनं एकदा आमच्याकडं बघितलं.

"पास, आजी."

दादीनं लांब श्वास सोडला. कपाळावरची आठी गेली. डोळे मिटलेलेच ठेवून ती म्हणाली,

"मंग खाली माझी नात आसंल, आयशा. तिला निरोप द्या. म्हणावं, मराठीतच इचारतेत."