घंटेचा नाद विरेपर्यंत

तुम्ही म्हणता, सांग ना काहीतरी हॉस्पिटलमधलं. अहो, कुठलं सांगू? गुरुवार आला की नवा किस्सा पदरात पडतोच. दुपारी जरा आडवं पडावं, डोळा लागतोय न लागतोय, की सगळे एकदम डोक्यात गोळा होतात. मग झोप कसली आणि काय!

मी भूलतज्ज्ञ. मूळची साताऱ्याची. लग्न होऊन कुंभकोणमला आले आणि इथल्याच एका सरकारी हॉस्पिटलात चिकटले. सासरची माणसं मराठीच, पण इथे मराठ्यांचं राज्य होतं तेव्हा इकडे आलेली. त्यांची मराठी ऐकून माझी आई अजून तोंडाला पदर लावते. हॉस्पिटलात अर्थात सगळं तमिळ. तुम्हाला मराठीत सांगतेय, एवढंच.

दर गुरुवारी जेवणानंतर आमची मीटिंग असते. आठवड्यात कॅन्सरची जेवढी ऑपरेशनं झाली, त्यांचं पोस्टमॉर्टेम! घाबरू नका, पेशंट धडधाकट असतो, पोस्टमॉर्टेम ऑपरेशनचं. काय चुकलं, काय राहिलं, पुढच्या खेपेला काय वेगळं करायचं. सेल्वम सर आमच्या सर्जरीचे प्रमुख. त्यांचा नियम असा, की इथे सबबी सांगायच्या नाहीत आणि कौतुकही करायचं नाही.

बाहेर उन्हानं रस्ता पांढरा पडलेला, वर पंखा कुरकुरतोय, हातात फिल्टर कॉफी आणि मोठमोठे सर्जन आळीपाळीनं आपापल्या चुका सांगतायत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, मलाच कुणीतरी भूल दिलीय!

* * *

आता घंटेचं सांगते.

नाचियारकोविलचे एक कारागीर होते, पितळेचे दिवे ओतणारे. सरांनी त्यांच्या पोटातली गाठ काढली. बरे झाले, चार घास जेवायला लागले आणि एक दिवस स्वतः ओतलेली घंटा घेऊन आले.

सर म्हणाले, "मी सरकारी नोकर. मला भेट चालत नाही."

"तुम्हाला कोण देतंय? मी टेबलाला देतोय!"

आणि खरंच टेबलावर ठेवून गेले की! नाद असा, की एकदा वाजवली की किती वेळ नुसती घुमत राहते. आमच्या ऑपरेशन थिएटरच्या, म्हणजे ओटीच्या, इनचार्ज पुष्पम सिस्टरनी ती लगेच ताब्यात घेतली. कुणी सबब सांगितली की घंटा. आणि नाद पुरता विरेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही.

पहिला बळी आमचा ज्युनिअर सर्जन कदिर.

"पेशंट उशिरा आला, सर."

टण्ण! सगळे गप्प. नाद विरला.

"म्हणजे, त्याची बस उशिरा आली."

टण्ण!

"सिस्टर, मला बोलू तर द्या!"

टण्ण! एवढा वेळ गप्प बसल्यावर माणूस विचार करायला लागतो. तिसऱ्या नादानंतर तो खाली बघून म्हणाला, "स्कॅनची तारीख लवकर मागायला मीच विसरलो."

घंटा वाजली नाही. सर म्हणाले, "आता कॉफी पी."

* * *

भूल देताना मी पेशंटला विचारते, "आत्ता कुठे जावंसं वाटतंय?" आकडे मोजायला लावण्यापेक्षा हे बरं. मास्कच्या आतून लोक कुठे कुठे जाऊन येतात, काय सांगू! कुणी माहेरच्या ओट्यावर, कुणी कावेरीत डुंबायला. ती दोन-चार वाक्यं ऐकायला मिळतात म्हणून मी ही नोकरी करते, असं नवरा म्हणतो. अगदीच खोटं नाही ते.

आडुतुरैचे एक शेतकरी आजोबा होते, आतड्याचा कॅन्सर. ते म्हणाले, "शेतात. पाणी सोडायचं राहिलंय..." आणि गेले झोपेत.

ऑपरेशन लांबलं. शुद्धीवर आले, तर पहिला प्रश्न, "पाणी सोडलंत का?"

पुष्पम सिस्टर वाकून म्हणाल्या, "सोडलं, आजोबा. बांधापर्यंत भरलं." आजोबा लहान मुलासारखे हसले आणि पुन्हा झोपले.

पुढच्या गुरुवारी सरांनी ते ऑपरेशन चर्चेला काढलं. सगळं नीट झालं होतं, तक्रार कुणाचीच नव्हती. तेवढ्यात दारात आजी उभ्या, कमरेवर हात ठेवून! "हे म्हणतायत पाणी सोडलं, पाणी सोडलं! मुलाला शेतावर जाऊच देत नाहीत! रोपं वाळली ना माझी! कोणी सोडलं पाणी?"

सरांनी घंटा उचलली आणि पुष्पम सिस्टरच्या कानाशी वाजवली.

* * *

मग एकदा चेन्नईहून साहेब आले. सरकारी हॉस्पिटलात कॅन्सरची ऑपरेशनं कशी होतात, किती थांबावं लागतं, नंतर पेशंटचं पुढे काय होतं, याची पाहणी करायला. दिवसभर वॉर्डात फिरले, पेशंटशी बोलले, ओटीत डोकावले. दुपारी मीटिंगला येऊन बसले आणि घसा खाकरून म्हणाले, "एकंदरीत काम अतिशय समाधानकारक..."

टण्ण!

साहेबांचं तोंड उघडंच. सर छताकडे बघतायत. नाद विरता विरेना.

"सर, इथे कौतुक चालत नाही," पुष्पम सिस्टर म्हणाल्या. "काय चुकतं ते सांगा."

साहेबांनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि संध्याकाळपर्यंत सांगत राहिले! जाताना मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ही घंटा कुठे मिळते हो? आमच्या ऑफिसात हवी होती."

* * *

आणि राधाक्का.

राधाक्का माझ्या सासरच्या नात्यातल्या. गोविंदपुरमला विठ्ठलाच्या देवळात त्यांचं भजन असलं की चप्पल काढायला जागा मिळायची नाही. गळ्याला सूज आली ती त्या वर्षभर पदराखाली झाकत होत्या. तपासली तर थायरॉइडचा कॅन्सर. गाठ आवाजाच्या नसेला चिकटलेली.

सरांनी स्पष्ट सांगितलं. नस सोडवायचा प्रयत्न करू, पण गाठ पूर्ण काढणं आणि नस वाचवणं यांतलं एकच होणार असेल, तर नस कापावी लागेल. मी मराठीत सांगताना अडखळले. त्यांनीच माझा हात धरला.

"अगो, रडतेस काय? भजन मी मनात पण म्हणेन. पण मनात म्हणायला मी असले पाहिजे ना! आधी गाठ काढा म्हणावं."

त्या वॉर्डात असताना गुरुवार आला. पलीकडे घंटा वाजली तशी त्यांनी मान वर केली. "ही माझ्याच सुरात आहे की गो!" आणि नाद विरेपर्यंत कान देऊन बसल्या.

ओटीत मी विचारलं, "अक्का, कुठे जायचं?"

"देवळातच की," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून गुणगुणायला लागल्या. कदिरचे हात थांबले. मी औषध सोडलं. सूर बारीक होत होत माझ्या हाताखाली थांबला. इतक्या वर्षांत असंख्य माणसं झोपवली, पण त्या दिवशी जीव अगदी कासावीस झाला.

सरांनी नस सोडवली. केसासारखी, पण अखंड. तपासणीत गाठ पूर्ण निघालेली. सगळे खूश. राधाक्का शुद्धीवर आल्या, तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली.

कळ काढा, नस दुखावली असेल, असं आम्ही म्हणत राहिलो. आठवडे गेले, महिने गेले. त्या तपासणीला यायच्या, हसायच्या, हातानंच "बरी आहे" म्हणायच्या. देवळात मागे खांबाशी बसून टाळ वाजवतात, असं नवऱ्यानं सांगितलं. मला ते जाऊन बघवलं नाही.

मग गेल्या महिन्यातला गुरुवार. त्यांची तपासणी त्याच दिवशी होती. सर म्हणाले, "त्यांना आत बसवा. मला त्यांच्यासमोर बोलायचंय."

सर उभे राहिले. त्यांना मी कधी कागद हातात घेऊन बोलताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशी घेतला होता. "नस सोडवताना मी ती जास्त ओढली असेन. आणखी हळू करायला हवं होतं." कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "पण ती फारच चिकटलेली होती..."

सबब! सरांच्या तोंडून! कदिरनं माझ्याकडे बघितलं. पुष्पम सिस्टरचा हात घंटेकडे गेला आणि तिथेच थांबला. त्यांचे डोळे भरले होते.

राधाक्का उठल्या. पदर सावरत टेबलापाशी आल्या, घंटा उचलली आणि सरांकडे बघून, हसत, वाजवली.

टण्ण!

वर पंखा कुरकुरत होता. आम्ही सगळे नेहमीसारखे नाद विरायची वाट बघत बसलो.

राधाक्कांनी घंटा टेबलावर ठेवली आणि दुसऱ्या हातानं घट्ट दाबून धरली. डोळे मिटलेले, गळा हलत होता.

नाद थांबला नाही.