रिमोटच्या जीपला ट्रकची चाकं

मी चौथीपर्यंत शिकलो, आणि त्यातलीही चौथी अर्धीच. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझा मेव्हणा आयटीआय झालेला होता, दुबईला एसी दुरुस्त करायचा, आणि यंत्रातलं फक्त शिकलेल्याला कळतं असं त्याचं ठाम मत होतं. माझं मत तेव्हाही वेगळं होतं, आजही आहे.

नव्वद सालाच्या पुढची गोष्ट. ठाण्यात खोपटला बस डेपोजवळ एका वर्कशॉपमध्ये मी टायर रिमोल्ड करायचो. झिजलेल्या टायरची पाठ खरवडायची, वर नवं रबर चढवायचं आणि साच्यात घालून भाजायचं. बोटानं दाबून मी टायरची हवा सांगायचो, मीटर लावला की काटा तिथंच. सगळे मला मिस्त्री म्हणायचे. मालकसुद्धा.

त्या वर्षी मेव्हणा महिन्याच्या सुट्टीवर आला. डोंबिवलीला त्यानं नवा ब्लॉक घेतलेला, तो बघायला आम्हा दोघांना घेऊन गेला. बायकोनं तिथल्या स्वयंपाकघरातला नळ उघडला, बंद केला, परत उघडला. आमच्या चाळीत नळ खाली, अंगणात.

दुसऱ्या रविवारी तो आमच्याकडे जेवायला आला, ते काखेत एक खोका घेऊन. आत रिमोटवर चालणारी जीप. बत्तीस वर्षांचा बाप्या, पण ती जीप दाखवताना त्याचं तोंड बघण्यासारखं होतं. आमची चाळ येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी. मागच्या बाजूला घराएवढा काळा कातळ, पायऱ्या पायऱ्यांचा. "दाजी, बघा आता, ही दगडावर चढते," म्हणत त्यानं गाडी कातळाला लावली. पहिल्या पायरीवरून ती घसरली, गडगडत खालच्या गटाराच्या फरशीवर आपटली आणि पुढची दोन्ही चाकं तुटली.

"गेली," तो म्हणाला. "हिचे स्पेअर इथं मिळायचे नाहीत."

"चाकंच तुटलीत ना? मग दुसरी बसतील."

"दाजी, ते बसच्या टायरचं काम नाही. तुम्ही हात लावू नका."

मग जेवताना त्यानं मूळ विषय काढला. तिकडे दुबईला त्याच्या शेठच्या बिल्डिंगला वॉचमन पाहिजे होता, वयानं थोराड माणूस. "बोलून ठेवलंय मी. काम काय, गेटवर उभं राहायचं. चार-पाच वर्षांत ताईलापण डोंबिवलीला ब्लॉक होईल. त्या रबराच्या धुरात काय ठेवलंय?"

मी बायकोकडे बघितलं. ती वाढत होती, मान खाली.

माझ्या तोंडातून निघून गेलं. "ती तुझी जीप त्या कातळाच्या माथ्यावर चढवून दाखवतो. चढली तर मी माझ्या टायरवर, तू परत हा विषय काढायचा नाही. नाही चढली तर येतो तुझ्याबरोबर, गेटवर उभा राहतो."

"दाजी, चेष्टा करताय?"

"तू जायच्या आधीच्या रविवारी ये."

तो हसत हसत जीप आणि रिमोट ठेवून गेला. बायको मात्र हसली नाही. "माझ्या आयुष्याचं काय ते एका खेळण्यावर लावलंत," एवढंच म्हणाली.

जांभळी नाक्यावर खेळण्यांची दुकानं पालथी घालून मी एक प्लास्टिकचा ट्रक आणला. ट्रक भिकार, पण चाकं चांगली, जाड आणि वर रबराचं पोकळ टायर असलेली. अडचण अशी की ट्रकच्या चाकाला गोल भोक आणि जीपच्या दांडीचं टोक नटासारखं सहा बाजूंचं. गोल भोक त्यावर नुसतंच फिरणार. मग मी जीपच्या जुन्या चाकांचे सहा बाजूंच्या भोकाचे मधले गोळे ब्लेडनं कापून काढले, तापवलेल्या सळईनं ट्रकच्या चाकांची भोकं मोठी केली आणि त्यात ते गोळे चिकटवून बसवले. पहिली जोडी वाकडी बसली, गाडी लंगडायला लागली. परत उकललं. दुसऱ्या खेपेला दोरा बांधून मध्य काढला, तेव्हा चाक सरळ फिरलं. मोठी चाकं बॉडीला घासत होती म्हणून मडगार्ड कापलं. ते कापताना मेव्हणा समोर असता तर रडला असता.

मग माझी खरी कला. वर्कशॉपमध्ये उरलेली रबराची पट्टी त्या चिमुकल्या टायरांवर चढवली, खऱ्या ट्रकच्या टायरसारखे नक्षीचे गठ्ठे कापले आणि साच्याच्या कडेला ठेवून भाजून घेतलं. आत हवा भरायची सोय नव्हती. म्हणून टायर खरवडताना पडणारी रबराची भुकटी ठासून भरली. अंगठ्यानं दाबलं तर दबू नये इतकं ठासून. वीस वर्षं मी हेच केलेलं. नरम टायर रस्त्यावर जाऊ देणं म्हणजे माझ्या लेखी पाप.

गाडी चालवायला बायकोला उभं केलं. रिमोटच्या दोन बारक्या कांड्या, माझा एक अंगठा दोन्हींवर पडायचा. जीप पहिली पायरी चढली, दुसरीवर चेंडूसारखी उडाली आणि उताणी पडली. दहा वेळा लावली, दहा वेळा पडली.

"कातळाला शेवाळ आहे," मी म्हणालो.

"उन्हाळ्यात?"

"सेल उतरलेत."

"कालच घातलेत."

आठवडाभर चाकं खोलायची, आणखी ठासायचं, परत बसवायची, हेच चाललं. गाडी आणखीच उडायला लागली.

वर्कशॉपला दगडाच्या खाणीवरचे ट्रक यायचे. त्यातल्या एका ड्रायव्हरशी माझं कायम भांडण. खाणीतून भरलेली गाडी वर काढताना तो टायरची हवा सोडायचा आणि टायरच्या बाजूला चिरा पडल्या की माझ्याकडे आणायचा. मी त्याला काय काय बोललेलो ते इथं सांगण्यासारखं नाही. रविवारला चार दिवस राहिले तेव्हा तो टायर घेऊन आला. मी टायर बाजूला ठेवलं.

"एक विचारू? हवा का सोडतोस?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "मिस्त्री, तब्येत बरी आहे ना? वीस वेळा आईबहीण काढलीत माझी, कधी विचारलं नाहीत."

"आता विचारतोय."

"अहो, फुगलेलं टायर दगडावर टेकतं एवढुसं." त्यानं नखावर दाखवलं. "हवा सोडली की पसरतं, दगडाला मिठी मारतं. मग गाडी चढते. पक्क्या रस्त्याला लागलो की भरतो परत. टायर तुमचं खराब होतं ते कबूल. पण त्या चढावर तुम्ही या एकदा बसायला."

इतकी वर्षं त्याला मूर्ख म्हणत होतो. पण घरी येऊन चारही टायरांतली निम्मी भुकटी काढली. बोटांना ते नकोसं होत होतं, पंक्चर टायर हातात धरल्यासारखं. त्या माणसाचं पुढचं रिमोल्ड मी रांग मोडून आधी करून दिलं. माफी मागितली नाही. ते जमलं नाही मला.

रविवारी मेव्हणा आला. कापलेलं मडगार्ड बघून म्हणाला, "दाजी, जीपचा बैल केलात की!" चाळीतले दहा-पंधरा जण गोळा झालेले. मी जीप कातळाला लावली आणि रिमोट बायकोच्या हातात दिला. देताना डोक्यात चमकलं, अरे, हिला तर डोंबिवलीचा नळ पाहिजे. एक कांडी चुकीची दाबली की काम झालं. सगळ्यांसमोर आता रिमोट काढून घेणार कसा?

जीप पहिली पायरी चढली. दुसरीवर टायर चपटं झालं, दगडाला धरून राहिलं आणि गाडी वर. मेव्हण्याचं हसू थांबलं. वरून दुसऱ्या पायरीला आली तेव्हा पुढचं एक चाक हवेत लोंबकळलं. गाडी डुगडुगायला लागली.

बायको थांबली. अंगठा कांडीवर, नजर जीपवर.

मग तिनं जीप वीतभर मागे घेतली, बाजूच्या खाचेतून वळवली आणि सावकाश, बिलकुल घाई न करता, माथ्यावर नेऊन उभी केली.

चाळीनं टाळ्या वाजवल्या. मी तिला हळूच म्हणालो, "पाडता आली असती तुला."

"आली असती ना."

"मग?"

"इतकी वर्षं तुमचे रबराच्या वासाचे कपडे धुतेय. मिस्त्रीची बायको म्हणतात मला. कोणाच्या गेटवर सलाम ठोकायला पाठवू होय?" मग आवाज चढवून, "पण नळ मला पाहिजे. ते तुमचं तुम्ही बघा."

जीप वरून उलटी उतरेना, म्हणून आणायला मीच चढलो. पंचेचाळिशी उलटलेली, गुडघे कुरकुरत होते, पण कोणाचा हात घेतला नाही. माथ्यावर उभा राहिलो. चारही टायर दाबून बघितले. नरम होते, आणि चारही माझ्या हातचे. खाली मेव्हणा तोंड वर करून उभा होता.

"दाजी, चाकं काढू नका हां! अशीच घेऊन जातो!" तो ओरडला.

"ने की," मी वरून म्हणालो. "आणि तुझ्या शेठला सांग, वॉचमन दुसरा बघ म्हणावं."