अंगठ्यावरची कुस्ती

आमच्या कोल्हापुरात महाराजांच्या कारकिर्दीत नशीब काढायचं असेल, तर एक तर गाता यावं किंवा कुस्ती खेळता यावी. माझ्या माडीवर भाड्यानं आलेल्या इटालियन चित्रकाराला दोन्ही येत नव्हतं. मायदेशी वर्तमानपत्रात त्यानं नगराध्यक्षांचा कोंबडा करून छापला. गाव हसलं, नगराध्यक्ष हसले नाहीत, आणि एवढी उज्ज्वल कारकीर्द आटोपून साहेब बोटीत बसला.

त्याला दरबारची नोकरी हवी होती; परत जायची सोय उरली नव्हती. मी शाळेत चित्रकला शिकवायचो, म्हणून दुभाष्याचं काम आपोआप माझ्या गळ्यात आलं. त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच लंगडं असल्यानं आमचं छान जमलं.

त्याची करामत म्हणजे कागदांची एक जाड गड्डी. प्रत्येक कागदावर दोन पैलवान, दर कागदाला किंचित सरकलेले. अंगठ्यानं कागद सरसर सोडले की एक पैलवान दुसऱ्याला उचलून आपटायचा. नोकरी देणं कारभाऱ्यांच्या हातात होतं. ते जुने पैलवान, त्यामुळे ही कला तपासायला त्यांनी आम्हाला अर्थातच तालमीत बोलावलं.

वस्तादांनी गड्डी सोडून पाहिली. पुन्हा सोडली. पडणारा त्यांचाच पठ्ठ्या होता. साहेबानं त्यालाच समोर उभा करून चित्रं काढली होती.

"पावणं," वस्ताद म्हणाले, "माणूस मैदानात एकदा पडतो. ह्यो तर जो अंगठा लावील त्याच्या हातनं पडतोय की."

"चित्र आहे, वस्ताद," मी म्हणालो.

"व्हय, पर पडतोय आमचा."

पठ्ठ्या कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. कारभाऱ्यांनी गंभीरपणे हुकूम दिला: कुस्ती बरोबरीत सोडवा, मग नोकरीचं बघू.

बरोबरीत सोडवायची तर पंच मध्ये शिरून दोघांना वेगळं करतो, हे मी साहेबाला समजावलं. त्यानं शेवटचे कागद फाडून नवे काढले. पंच कोण घ्यावा? साक्षात कारभारी. आधी चित्रात मिशा शिरत, मागून पोट, आणि बऱ्याच वेळानं उरलेले कारभारी. मी मनातल्या मनात त्याची ट्रंक बांधायला घेतली.

पुन्हा तालमीत गेलो, तर कारभारी नवी गड्डी सोडत राहिले. वस्ताद आढ्याकडे बघत राहिले.

"निकाल बरोबर हाय," शेवटी कारभारी म्हणाले. "पर ह्याला माणसांजवळ ठेवू नका."

नोकरी मिळाली: दसऱ्यासाठी दरबारच्या हत्तींच्या सोंडा रंगवायची. हत्ती तक्रार करत नाहीत, असं कारभाऱ्यांचं मत. पहिल्याच दिवशी साहेब हत्तीखान्यातून पिवळाधमक होऊन आला आणि खुशीत मला सांगू लागला, की इथं चित्र आपलं आपणच हलतं.