एकेचाळीस गावं आणि चार टेम्पो

निरवांगीच्या सोसायटीचे कॅन डेअरीच्या डॉकवरून, म्हणजे दूध तपासून उतरवून घ्यायच्या ओट्यावरून, पुन्हा परत गेले. दूध नासलेलं होतं. सोसायटीचे चेअरमन, त्यांना सगळे आबा म्हणतात, थेट माझ्या टेबलापाशी आले.

"मॅडम, आमच्याकडं दूध चांगलं असतंय. तुमचा टेम्पो उशिरा येतोय म्हणून नासतंय. सोमवारपर्यंत वाट बघतो, न्हायतर दुसऱ्या डेअरीची गाडी दारात उभीच हाय."

इंदापूरजवळच्या आमच्या डेअरीत गाड्यांचे रूट मी आखते. चार टेम्पो, एकेचाळीस गावं. कोणत्या टेम्पोने कोणती गावं कोणत्या क्रमाने घ्यायची, म्हणजे एकूण अंतर सगळ्यात कमी होईल? ऐकायला सोपं वाटतं. पण शक्य असलेले क्रम इतके निघतात, की सगळे तपासायला कॉम्प्युटरलासुद्धा आयुष्य पुरत नाही. हुशारीने बरेच गाळता येतात, तरी उरतात ते पुष्कळ. मी प्रोग्रॅम लावला. मला सर्वोत्तम उत्तर हवं होतं, त्याहून कमी नको.

शेजारच्या टेबलावर किरण. पुण्याहून आलेला इंजिनिअर, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, आमच्याकडे नवा. त्याने माझ्या स्क्रीनकडे पाहिलं.

"मॅडम, सोमवार कुठल्या महिन्यातला म्हणाले आबा?"

मी हसले नाही.

दुपारी डेअरीच्या मॅनेजरसाहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. मी म्हणाले, प्रोग्रॅम चालू आहे. किरण उठून फळ्यापाशी गेला. हा फळा बारा वर्षं मीच वापरत आले होते.

"साहेब, आत्ता चारही टेम्पो मिळून रोज ३७१ किलोमीटर फिरतात. माझा रूट ३१८ चा. सर्वोत्तम आहे का, माहीत नाही."

"मग काय उपयोग?"

"किती चुकलोय ते माहीत आहे. सगळी गावं आणि डेअरी एकमेकांना जोडायची, कमीत कमी रस्ता वापरून. फेरी मारायची नाही, नुसती जोडायची. त्याला २६० लागतात. टेम्पोंच्या फेऱ्यांनी गावं जोडली जातातच, म्हणजे कोणीही काहीही केलं तरी २६० च्या खाली जाणार नाही. माझ्या रूटमध्ये जास्तीत जास्त ५८ वाया आहेत. कदाचित पाचच असतील."

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. "वा!"

मला ते 'वा' टोचलं. सर्वोत्तम उत्तर हातात नसताना त्याच्यापासून आपण किती लांब आहोत हे आकड्यात सांगायचं, हा काटेकोरपणा खरं तर माझ्या स्वभावातला. ती मला सुचायला हवी होती.

मग मला फट दिसली. "यात गाडी आधी पळसदेवला जात नाही."

पळसदेवची सोसायटी आमची सर्वांत जुनी. त्या बाजूची गाडी आधी तिथे जाणार, हा रिवाज. मी ती अट प्रोग्रॅममध्ये घातली होती. तिच्यामुळेच गाडी आधी पळसदेव गाठायची, मग वळसा घालून निरवांगीला शेवटी पोहोचायची.

"विचारलं मी सकाळीच," किरण म्हणाला. त्याने पुन्हा फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडे पळसदेवचे तात्या होते, सोसायटीचे सेक्रेटरी.

"पहिला मान कुणी मागितला वो?" तात्या म्हणाले. "तुमची गाडी येती म्हणून आमी पहाटं उठतोय. जरा उशिरा आली तर बायका दुवा देतील तुमाला!"

साहेब इतके हसले की चहा सांडला. बारा वर्षांत पळसदेवला कोणीच विचारलं नव्हतं.

रविवारी नवा रूट सुरू झाला, निरवांगीला गाडी लवकर पोहोचू लागली. सोमवारी निरवांगीचे सगळे कॅन डॉकवर पास झाले. माझ्या प्रोग्रॅमने त्याच दुपारी ३२७ चा रूट दाखवला, पळसदेवची अट पाळून. याहून चांगला नाही, अशी खात्री तेव्हाही तो देत नव्हता. मी तो बंद केला.

संध्याकाळी माझ्या टेबलावरचा फोन वाजला. आबा होते.

"दूध तुमालाच देणार, मॅडम. जरा किरणसाहेबांना द्या की फोन."

मी दिला. तो बराच वेळ हसून बोलत होता.

उत्तराला मुदत असेल, तर मुदतीत मिळणारं आणि आपली चूक जास्तीत जास्त किती ते सांगणारं उत्तर घ्यावं. आणि प्रश्नातल्या अटी नक्की कोणी घातल्या, ते आधी विचारावं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. किरणने सांगितल्या म्हणून मला त्या आवडत नाहीत, एवढंच.