हात्सुएने दिलेला निरोपाचा घास

हात्सुएच्या दारातून कुणी उपाशी गेलेलं तिला चालत नाही. आमच्या खोऱ्यात हे सगळ्यांना माहीत आहे आणि सगळ्यांनाच त्याचा थोडाफार जाच आहे. तिचा रक्तदाब तपासायला आलेला डॉक्टरसुद्धा मुळ्याचं लोणचं घेऊन परततो. उमेदीची सगळी वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. मी त्याच शाळेत शास्त्र शिकवायची. माझा तास सुरू झालेला असायचा आणि ही दारात उभी राहून एखाद्या पोराला विचारायची, सूप का टाकलंस. मी कितीदा तरी तोंडावर दार लावून घेतलं असेल. तिला त्याचं काही वाटायचं नाही.

नवरा गेला तेव्हा घराखालचा सिमेंटचा मोठा हौद तेवढा मागे राहिला. आमच्याकडे बर्फ पडतं ते खिडक्या गाडून टाकण्याइतकं. रंगीत कोई मासे डोंगरावरच्या मातीच्या तळ्यांत ठेवले तर हिवाळा काढणार नाहीत. म्हणून भात कापून झालं की लोक आपापले मासे हात्सुएच्या हौदात आणून सोडतात, आणि वसंतात बर्फ वितळून तळ्याचं पाणी जरा कोमट झालं की परत नेतात. मधले महिने ती चहाचा कप घेऊन हौदाच्या काठावर बसते. तिला मूलबाळ नाही. माशांशी बोलते का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "तुझ्याशी बोलण्यापेक्षा बरं. मध्ये तोडत नाहीत."

मासा हलवायचा तर आधी आठवडाभर त्याला उपाशी ठेवायचा, हा नियम इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. थंड पाण्यात त्याला अन्न पचत नाही. पिशवीत भरला की सगळं बाहेर टाकतो, आणि त्याच घाण पाण्यात त्याला श्वास घ्यावा लागतो. हा नियम सगळ्यांच्या डोक्यात बसवला तो हात्सुएनेच. कुणी चुकून चार दाणे टाकलेले दिसले की ती जिन्यावरून ओरडत खाली यायची.

किहेई कात्सुमाताचे मासे तिच्याकडे फार वर्षांपासून. त्यातली एक पांढरीशुभ्र मादी, पाठीवर लाल ठसे. बोटाएवढी असताना किहेईच्या बायकोने ती निवडली होती. बायको गेली, आणि घरात माशाला 'मालकीणबाई' म्हणायला लागले. यंदा किहेईचे गुडघे पार गेले. मुलाला शहरातली नोकरी सोडायची नाही. उरली सून, साओरी, समुद्राकाठच्या शहरातली. ती म्हणाली, तळी मी बघते. किहेईने मान डोलवली, पण अट घातली. यंदाचे मासे धड तळ्यात पोचव, मग बोलू. नाहीतर सगळे व्यापाऱ्याला देऊन टाकतो.

पहिली फेरी मालकीणबाईंची ठरली. त्या सकाळी हात्सुए लवकर खाली उतरली, निरोप घ्यायला. खिडकीतून ऊन आलं होतं आणि मासा वर येऊन काठाशी तोंड उघडझाप करत होता. सुपात टाकायचे गव्हाच्या चिकाचे भाजलेले हलके तुकडे हात्सुएच्या ॲप्रनच्या खिशात होते. तिने एक टाकला. मग दुसरा. मग खिसाच रिकामा केला.

साओरीने पुढचं सगळं नीट केलं, हे मी स्वतः पाहिलंय; हात्सुए आणि मी सोबतच होतो. पिशवीत हवा भरली, गाडीत ओल्या गोण्या अंथरल्या, सावकाश चालवत वर नेली. पिशवी तळ्यात तरंगत ठेवली आणि आतलं-बाहेरचं पाणी सारखंच गार होईपर्यंत वाट बघायला लागली. थोड्या वेळाने पिशवीतलं पाणी गढूळ दिसायला लागलं. तिने हात्सुएला विचारलं, असं का होतंय. हात्सुए म्हणाली, घाबरला असेल. पाणी आणखी पांढुरकं झालं, मासा एका अंगावर कलंडायला लागला, तेव्हा साओरीचा धीर सुटला आणि तिने वेळेआधीच पिशवी उघडली. काठावर गावातले चारपाच जण उभे होते. घाई सगळ्यांनी पाहिली.

काही दिवसांनी मालकीणबाई तळ्यावर उताण्या तरंगताना दिसल्या.

मग काय, शहरातली मुलगी, दम नाही, गार पाण्यात धाडकन सोडला, असं ज्याच्या त्याच्या तोंडी. किहेई सुनेशी बोलेनासा झाला. त्याने व्यापाऱ्याला निरोप धाडला. आणि साओरी मिठाईचा खोका घेऊन हात्सुएच्या उंबऱ्याशी गुडघे टेकून बसली. म्हणाली, तुम्ही हिवाळाभर सांभाळलंत आणि मी एका सकाळीत घालवलं.

हात्सुएने खोका घेतला. वर म्हणाली, "होतं असं. पुढच्या वेळी घाई करू नकोस."

हे सगळं, खिसा रिकामा केल्यापासूनचं, तिने मला सांगितलं ते माझ्या स्वयंपाकघरात, भाताच्या वाडग्याला हात न लावता. तिला न जेवता बसलेली मी आयुष्यात पाहिली नव्हती. खोका तिने नवऱ्याच्या फोटोपुढे ठेवला होता. आता त्या खोलीत पाऊल टाकवत नाही म्हणाली.

"मला कशाला सांगतेस?" मी म्हटलं. "मी मासाही नाही आणि सूनही नाही."

ती म्हणाली, कळलं तर कुणी हौदात मासे ठेवणार नाही. हिवाळाभर मी त्या रिकाम्या सिमेंटकडे बघत बसू का? मी म्हटलं, बस. त्या पोरीला घर सोडून जायची वेळ आलीय, तिच्यापेक्षा तुझं सिमेंट मोठं नाही. चपला घाल.

वाटेत ती दोनदा थांबली. एकदा चपलेत खडा गेला म्हणून, एकदा नुसतीच.

किहेई ओसरीवर बसला होता. साओरी आत भांडी घासत होती. हात्सुएने तिला बाहेर बोलावलं आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं. खायला घातलं, पाणी का गढुळलं ते ठाऊक होतं, तरी गप्प राहिले. नंतरही गप्प राहिले.

किहेई बराच वेळ गुडघा चोळत राहिला. मग म्हणाला, "खाल्लं का तिनं?"

"सगळं," हात्सुए म्हणाली.

"आवडीनं?"

"हो."

त्याने मान फिरवली. त्यापुढे हात्सुएकडे पाहिलं नाही. मला वाटलं होतं हा ओरडेल. ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं.

साओरीचे हात फेसाने भरलेले होते. "तुम्ही मला म्हणालात, घाई करू नकोस," ती म्हणाली. "काकू, तेव्हापासून मी रोज स्वतःला तेच सांगतेय. झोपतानासुद्धा."

हात्सुए वाकली, अगदी खाली, आणि वर यायला तिला जमेना. मी काठी बाजूला ठेवून तिला कमरेला धरून उठवली. साओरी पुढे आली नाही.

किहेईने मान न वळवता सुनेला विचारलं, "बाकीचे कधी नेतेस?" इतक्या दिवसांनी तो तिच्याशी पहिल्यांदा बोलत होता. व्यापाऱ्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

साओरी म्हणाली, नेईन; पण ते तळ्यात पडेपर्यंत काकूंनी हौदापाशी जायचं नाही. किल्ली माझ्याकडे.

हात्सुएने किल्ली तिथेच काढून दिली आणि माझ्याकडे राहायला आली. हौदावर राहायचं आणि खाली जायचं नाही, हे आपल्याच्यानं होणार नाही म्हणाली. आठवडाभर तिने माझं डोकं खाल्लं. साओरीने जाळी घातली असेल का, खिडकी लावली असेल का. एकदाही जाऊन बघते म्हणाली नाही. गावात बातमी पसरलीच. दोन घरांनी दुसरा हौद शोधायला सुरुवात केली, तेही तिच्या कानावर आलं. ती ऐकून घ्यायची आणि माझ्या कोबीला मीठ लावत राहायची.

मासे हलवायच्या दिवशी आम्ही तळ्यावर गेलो, पण ती रस्त्याच्या पलीकडेच थांबली. मी म्हटलं, चल. तर नाही म्हणाली. साओरीची गाडी आली, मागे बसून किहेईही आला. पिशव्या मोठ्या होत्या आणि काठ चिखलाने निसरडा झालेला. साओरीने एक उतरवायला घेतली, ती तिला पेलेना. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या काठीकडे पाहिलं, मग रस्त्यापलीकडे हाक मारली.

"काकू, दुसरी बाजू धरा."

हात्सुए आली, चिखलात उतरली आणि पिशवी धरून पाण्यात उभी राहिली. आतलं पाणी स्वच्छ होतं. साओरीने तापमापक बुडवलं, बाहेर काढलं, पुन्हा बुडवलं. हात्सुएचे ओठ निळे पडायला लागले होते.

"सोडायचं?" तिने हळूच विचारलं.

"मी सांगेन तेव्हा," साओरी म्हणाली.

हात्सुए पिशवी धरून उभी राहिली.