वरचं नाव कोणी लिहिलं

रोवणीचा, म्हणजे धान लावणीचा, भाव बोलायचा असेल तर आधी मालकाचे पऱ्हे पाहून यायचे, हे मी फार लवकर शिकले. पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. ती वेळेत उपटून बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, लावली नाहीत तर जून होतात, मग त्यांना फुटवे नीट येत नाहीत. मालक माझ्या दारात बसून कितीही बेफिकीर बोलला तरी त्याच्या पऱ्ह्यांची उंची मला ठाऊक असायची. तो चहा पीत राहायचा, मी तांदूळ निवडत राहायचे. शेवटी तोच तोंड उघडायचा.

माझं माहेर सौंदडकडचं. दहावी झाल्यावर आईच्या मागे चिखलात उतरले. लग्न करून चोरखमाऱ्याच्या कालव्यावरच्या गावात आले, काही वर्षं दुसरीच्या टोळीत वाकले आणि मग स्वतःची टोळी केली. एकराचा भाव ठरवून काम अंगावर घ्यायचं, त्याला आमच्याकडे गुत्ता म्हणतात. गुत्ता बोलणारी बाई तोंडाची तिखट लागते. मी होते. आहे. या कामात मला कोणी हात धरून वर आणलं नाही, आणि कोणी फसवलं तर मी ते विसरतही नाही.

कालव्याच्या पलीकडच्या गावात दुसरी टोळी होती. तिची मुकादमीण माझ्याहून बरीच मोठी, मी तिला बाई म्हणायचे. सुरुवातीला आम्हा दोघींचं पटत नसे, कारण मालक आम्हाला पटू देत नसत. मला सांगायचे, पलीकडच्या बाया कमीत येऊन राहिल्या. तिला सांगायचे, अलीकडच्या येऊन राहिल्या. दोन्हीकडचा भाव खाली. एकदा बाजारात भाजीच्या दुकानाशी आम्ही समोरासमोर आलो आणि भांडायला लागलो. भांडता भांडता कळलं की मालक दोघींना तेच वाक्य ऐकवून राहिला होता. त्या दिवसापासून ठरलं : कालव्याला पाणी सुटायच्या आधी बाजारात भेटायचं, भाव ठरवायचा, आणि दुसरीला विचारल्याशिवाय एक पैसाही खाली यायचं नाही. आम्ही बौद्ध, ती दुसऱ्या समाजाची. गावातले लोक म्हणायचे, एक हंगाम टिकलं तर खूप. पुष्कळ हंगाम टिकलं.

मग घरोघरी मोठ्या पडद्याचे फोन आले. नेट स्वस्त झालं. माझ्या टोळीचा ग्रुप झाला, कोणत्या बांधीवर कधी जमायचं ते त्यावर कळायला लागलं. बाईनेही फोन घेतला. ती नेहमी आवाज पाठवायची. बटण दाबून धरायचं, बोलायचं, सोडायचं. मागून बकऱ्या ऐकू यायच्या, नातवावर ओरडणं ऐकू यायचं, आणि मधेच माझ्यासाठी निरोप.

ती लिहीत नसे, कारण तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. हे तिच्या घरचे सोडले तर फक्त मला ठाऊक होतं. मालकासमोर ती कागद डोळ्यांपुढे धरायची, मान हलवायची आणि 'घरी वाचते' म्हणायची. ज्या बाईला वाचता येत नाही तिला मालक कसं मोजतो हे तिनं पाहिलं होतं. आता ती स्वतःच कोणालाही सांगते, म्हणून मी लिहायला मोकळी आहे.

मग एका वर्षी मालकांच्या वतीनं टोळ्या ठरवायला एक नवा दलाल यायला लागला. गोंदियाला राहायचा, बोलताना निम्मं हिंदी. एक दिवस दुपारी तो माझ्या अंगणात येऊन बसला.

"ताई, मी बोलणार नव्हतो. पण तुमची भोळी शकल पाहून राहवत नाही."

"माही शकल भोळी म्हणणारा तू पहिलाच."

त्यानं फोन माझ्याकडे वळवला. पडद्यावर एका चॅटचा फोटो. वर बाईचं नाव, नावाशेजारी गोलात तिचा चेहरा, नातवाच्या बारशातला. खाली लिहिलेलं : ताई जास्त मागून राहिली. माझ्या बाया कमीत येतात. तिले सांगू नका.

माझे कान तापले. माझा राग असा आहे की आधी तोंडातून शब्द जातो आणि मग मला कळतं कोणता गेला. तिच्याही खाली येते, लिही, असं म्हणायला मी तोंड उघडलंच होतं. पण भाव बोलण्याआधी माल हातात घ्यायचा ही सवय रागापेक्षा जुनी निघाली.

"फोन इकडे दे."

"देखो ना, दिसून तर राहिलं."

"घरावरचं कवेलू घेतानाही मी उलटं करून पाहते. दे."

त्यानं दिला नाही. छातीशी धरून लांबूनच दाखवला.

"याच्या वरचं दाखव. तू तिला काय विचारलं होतंस?"

"वो सब डिलीट हो गया ताई. इतनाच बचा."

वरून-खालून कापलेला फोटो होता. दिवस नाही, वेळ नाही, त्याचा प्रश्न नाही, नुसतं तिचं उत्तर. प्रश्नाशिवायचं उत्तर कोणत्याही भावात बसवता येतं. आणि मग, हे सगळं पाहून झाल्यावर, मला साधी गोष्ट आठवली. बाई लिहीतच नाही.

त्याला तिथंच तोंडघशी पाडता आलं असतं. अंगणात माझ्या टोळीच्या चार बाया होत्या, त्या कान देऊन ऐकत होत्या. पण मी एक शब्द बोलले असते तर सूर्य बुडायच्या आत बाईची झाकलेली गोष्ट दोन्ही गावांत गेली असती, आणि दलालाच्या तोंडून सगळ्या मालकांकडे.

"उद्या सांगते," म्हटलं.

"उद्या सकाळी ट्रॉली येऊन राहिली, कालव्याच्या पुलावर. तिची टोळी चढेल. तुमची चढते का नाही, तुम्ही जाणा."

तो गेल्यावर मी बाईला फोन लावला. तिनं उचलला नाही. पुन्हा लावला. कापला. तिचा नंबर शोधताना माझ्या यादीत बियाणंवाल्याचं नाव दिसलं. दोन वर्षांपूर्वी त्यानं खराब बियाणं गळ्यात मारलं, तेव्हापासून मी त्याचं नाव 'खोटारडा' असं ठेवलं होतं. त्याचा मेसेज आला की माझ्या फोनवर वर 'खोटारडा' दिसतं. त्यानं स्वतःला खोटारडा म्हटलेलं नाही, मी म्हटलं आहे. म्हणजे वरचं नाव लिहिणारा फोनचा मालक असतो. आणि गोलातला चेहरा तर कोणीही कोणाचा लावू शकतो, बारशाचा फोटो तिनं स्वतःच सगळ्यांना पाठवला होता.

चप्पल घालून मी पूल ओलांडून तिच्या गावी गेले. ती गोठ्याशी बकऱ्यांना पाला टाकत होती. वर पाहिलं नाही.

"आता कायले आली?"

"फोन काऊन कापला?"

"तुझ्याशी का बोलू? तू तर लिहून बोलतेस आता."

मग तुटक तुटक बाहेर आलं. दलाल माझ्याकडे येण्याच्या आदल्या दिवशी तिच्याकडे आला होता. फोनवर माझ्या नावाचा मेसेज. पलीकडची म्हातारी आता थकली, तिची टोळी माझ्यात घालून घ्या, भाव मी बघते, असं काहीबाही. बाईला म्हातारी म्हटलेलं लागलं होतं. त्या तिरमिरीत तिनं त्याला कमी भावाची जबान दिली होती. उद्या तिची टोळी पुलावर चढणार होती.

"वाचलं कोणी?" मी विचारलं.

"त्यानंच वाचून दाखवला."

"आणि तू ऐकलंस?"

"तुझा फोटो होता वरतं. तू होतीस."

मला त्या क्षणी जे वाटलं ते अजून पुरतं गेलेलं नाही. इतक्या वर्षांची ओळख. तिच्या सुनेच्या बाळंतपणात मी माझी टोळी थांबवून तिच्या बांध्या लावून दिल्या होत्या. आणि तिनं नखाएवढ्या फोटोवर विश्वास ठेवला. मी हे सगळं तोंडावर बोलले, मोठ्यानं बोलले. शेजारीण दारात आली आणि परत गेली.

"मलाही त्यानं तुझ्या नावाचा मेसेज दाखवला, तेव्हा मी ठेवला का विश्वास? मला लगेच कळलं हे खोटं आहे."

बाई पाला खाली ठेवून माझ्याकडे वळली. अगदी शांत.

"तुले कळला, कारण तुले माहीत आहे मले लिहिता येत नाही. मले कसा कळन? तुले तर येते."

मी ज्याला तिच्यावरचा विश्वास म्हणत होते तो निम्मा मला असलेल्या माहितीचा होता, तिच्या हातात तसलं काही नव्हतं. तरीही एक फोन तिला करता आला असता. हे मी तेव्हा म्हटलं आणि आजही म्हणते.

"जबान दिली मी," ती म्हणाली. "आता कशी फिरवू?"

"खोट्या मालावर दिलेली जबान, जबान नसते. उद्या पुलावर ये. तुला काही बोलावं लागणार नाही. वाचायचं मी वाचीन."

सकाळी पुलावर ट्रॉली उभी होती. दोन्ही टोळ्यांच्या बाया डोक्यावर प्लास्टिक घेऊन उभ्या, एकमेकींकडे न पाहता. दलाल खुशीत होता. मी माझा फोन काढला.

"भाऊ, तुमचा मेसेज आला म्हणून बरं झालं. बायांनो ऐका." आणि मोठ्यानं वाचलं : "मी माझं कमिशन सोडलं आहे. बाया मागतील तो भाव मालक देतील. शिवाय दुपारी मी स्वतः चहा करून आणीन."

पुलावर आधी कोणी हसलं नाही, कारण वर त्याचंच नाव होतं आणि गोलात काळा चष्मा घातलेला त्याचाच फोटो.

"ये मैंने नहीं भेजा."

"तुझं नाव आहे. तुझं थोबाड आहे. अजून का पाहिजे?"

"किसीने मेरे नाम से..."

"असं? असं होते का?"

मग मी बायांना दाखवलं. माझ्या टोळीतल्या एकीचा नंबर मी त्याच्या नावानं ठेवला होता. तिनं त्याच्याच नंबरावरचा फोटो घेऊन आपल्या फोनवर लावला आणि मी सांगितलं ते मला पाठवलं. सकाळी घरातल्या बाया पाणी भरून येईपर्यंत सगळं झालं होतं. मी सगळ्यांसमोर ते नाव खोडून तिचं खरं नाव लिहिलं आणि त्याच मेसेजवर वर ते उमटलं. तेव्हा हसू फुटलं. एक म्हातारी म्हणाली, "चहात साखर जास्त टाकजो रे बाबू."

"मजाक था ताई," दलाल म्हणाला. "धंद्यात थोडं चालते."

"मग तुझा तो फोन दे. ज्या चॅटचा फोटो काढला ते चॅट उघड, वर नंबर पाहू कोणाचा आहे."

त्यानं फोन खिशात घातला. त्यापुढे मला काही सिद्ध करावं लागलं नाही.

सगळ्या बाया आता बाईकडे पाहत होत्या. जबान तिनं दिली होती, फिरवायची तर तिलाच. ती ट्रॉलीपाशी गेली, आत ठेवलेली आपली भाकरीची पिशवी उचलली आणि कालव्याच्या कठड्यावर येऊन बसली. मागोमाग तिच्या बायांनीही आपल्या पिशव्या उचलल्या. एकीनंही कारण विचारलं नाही.

ट्रॉली पाठवणाऱ्या मालकाचे पऱ्हे मी पाहून आले होते. तो फार वेळ थांबू शकत नव्हता. उन्हं चढायच्या आत तो स्वतः मोटरसायकलवर आला, आम्ही दोघींनी बाजारात ठरवलेला भाव त्यानं कबूल केला. दलालाकडे कोणी पाहिलं नाही. पुढच्या हंगामात तो आमच्या बाजूला आला नाही, दुसरीकडे कुठं तरी असेल.

त्यानंतर लोक माझ्याकडे फोन घेऊन यायला लागले. कोणाच्या पुतण्याचं लग्न मोडायला आलेलं चॅट, कोणाला बक्षीस लागल्याचा फोटो, एकदा तर नागझिऱ्याच्या जंगलातला वाघ आमच्या शाळेच्या पटांगणात. वाघाच्या फोटोत पाठीमागे बर्फ होतं. मी प्रत्येकाला विचारते, हे तुला कोणी दिलं, त्याच्याकडे मूळचं आहे का, आणि ज्याचं नाव आहे त्याला तू विचारलंस का. बहुतेकांनी शेवटचं केलेलं नसतं. नात्यातल्या माणसाला विचारायची लाज वाटते, फोटोवर विश्वास ठेवायची वाटत नाही.

पुलावरच्या त्या सकाळी, भाव ठरल्यावर, आम्ही दोघी एकाच बांधीत उतरलो. मी वाट पाहत होते की ती काही तरी बोलेल, चुकलं म्हणेल. तिनं पऱ्ह्यांची पेंडी सोडली, माझ्याकडे अर्धी दिली आणि न पाहताच म्हणाली,

"यापुढे भावाचं बोलणं लिहून नाही. आवाजानं. आणि असा कोणी फोटो आणला तर मी तुले फोन करीन. रागात असलीस तरी उचलजो."

"फोन तू कापला होतास बाई, मी नाही."

"म्हणूनच सांगून राहिली."

मी बरं म्हटलं. माफी तिनं तेव्हा मागितली नाही, नंतरही नाही, आणि मला ते अजून सलतं. पण त्यानंतर तिचा फोन वाजला की मी हातातलं काम टाकून उचलते, आणि माझा वाजला की तीही उचलते, कधी कधी तर शिवी देतच.